सुपर निन्टेंडोवरचे आवडते आणि नावडते आरपीजी: कोणती कॅसेट आधी घ्यावी, कोणती टाळावी?

अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे अमेरिकन सुपर निन्टेंडो (टीव्हीला जोडायचं जुनं गेमचं यंत्र) चालू स्थितीत आहे, सोबत २१ इंची ट्यूब टीव्ही आणि दोन कंट्रोलर. आता कॅसेटी जमवायच्या आहेत, त्याही फक्त आरपीजीच्या (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्रं चालवत कथा पुढे न्यायची असे गेम). तुमचा सगळ्यांत आवडता कोणता आणि अजिबात न आवडलेला कोणता, हे कारणांसकट सांगा. संगीत छान, कथा भारी, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला हवं आहे ते असं: लढाईची पद्धत कशी, सेव्ह कुठे करता येतो, माणूस कुठे अडकतो, आणि गेममध्येच काही खोट आहे का.

माझ्या अटी सांगतो. गेम इंग्रजीत हवा. रात्री जेवणं झाल्यावर तासभर, फार तर दीड तास मिळतो. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, त्यामुळे तास-तास सेव्ह न करता येणारा गेम इथे कामाचा नाही. आणि दहा वर्षांची भाची शेजारी बसते, तिच्या हातात दुसरा कंट्रोलर देता येईल असा एखादा गेम असेल तर फारच उत्तम.

हरभट_रोड (सांगली)

तुमच्या अटी वाचून पहिलं नाव एकच येतं: क्रोनो ट्रिगर, १९९५, काळात मागे-पुढे प्रवास करायचा गेम. जगाच्या नकाशावर असाल तेव्हा मेन्यू उघडून कुठेही सेव्ह करता येतो, आणि गुहा-किल्ल्यांत चमचमणारे सेव्ह पॉइंट पुरेसे आहेत. साधारण वीस मिनिटांत कुठलं ना कुठलं ठिकाण येतंच. लाईट गेली तरी नुकसान तेवढंच.

लढाई वेगळ्या पडद्यावर जात नाही, चालत असता तिथेच होते. शत्रू आधी दिसतो, बऱ्याचदा त्याला टाळून जाता येतं. आणि खरी गंमत जागेत आहे. क्रोनोचा सायक्लोन लक्ष्याच्या आजूबाजूच्यांनाही लागतो, लुकाचा फ्लेम टॉस एका रेषेतल्या सगळ्यांना. शत्रू इकडे-तिकडे फिरत असतात, म्हणून गेज (आपली पाळी आली हे दाखवणारी पट्टी) भरला की लगेच बटण दाबू नका. ते एकत्र यायची वाट बघा, एका वारात तीन जातात. नवखे लोक इथे एमपी (जादूची शक्ती) वाया घालवतात आणि गेम अवघड आहे म्हणतात. सेटिंगमध्ये 'वेट' निवडा. मग टेक (खास चाली) किंवा वस्तूंची यादी उघडलेली असताना वेळ थांबते. 'ॲक्टिव्ह'मध्ये थांबत नाही, तुम्ही इंग्रजी वाचत बसता आणि तेवढ्यात मार पडतो.

अडकण्याच्या जागा फार नाहीत. आदिमानवांच्या काळात निझबेल नावाचा डायनोसॉर आहे, त्याला तलवारीने काही होत नाही. आधी विजेची जादू मारा, त्याचं संरक्षण खाली येतं, मग बाकीच्यांनी तुटून पडायचं. साठवलेली वीज तो उलट सगळ्यांवर सोडतो, त्या आधी एचपी (पात्राचे प्राण) भरून ठेवा.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत हवी, नाहीतर कायमची हुकते. पेंडंटने उघडणाऱ्या काळ्या बंद पेट्या दोन काळांत आहेत, इ.स. ६०० आणि इ.स. १०००. ६०० मध्ये पेटीजवळ जा, पेंडंट चमकेल, वस्तू काढायची का असं विचारेल. 'नाही' म्हणा. मग १००० मध्ये जाऊन तीच पेटी उघडा, त्याच वस्तूची वाढीव आवृत्ती मिळते. नंतर परत ६०० मध्ये येऊन मूळ वस्तू घ्या. दोन्ही पदरात. आधीच ६०० मध्ये काढून घेतली तर १००० मधली पेटी रिकामी. ट्रूस, पोरे आणि गार्डियाच्या किल्ल्यातल्या पेट्यांना हे लागू होतं. ब्लू व्हेस्ट पाण्याच्या जादूचा मार कमी करतो, ब्लू मेल मात्र तो मार शोषून उलट एचपी वाढवतो, म्हणजे फरक केवढा आहे बघा.

नावडता: ब्रेथ ऑफ फायर २. ड्रॅगन होणारा नायक, स्वतःचं गाव वसवणं, शमनांशी संयोग करून पात्रांची रूपं बदलणं, कागदावर सगळं सुंदर. पण चार पावलं टाकली की लढाई. कोडं सोडवायला मागे-पुढे जावं लागतं तिथे तर जीव जातो. 'स्मोक' ही वस्तू वापरली की लढाया कमी होतात, तिच्याशिवाय गुहेत शिरू नका. इंग्रजी अनुवाद इतका कच्चा आहे की पुढे कुठे जायचं हे वाक्यातून कळत नाही. आणि शमनांचा संयोग एचपी फार खाली गेलं की सुटतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ताकद जाते. तासभरच वेळ असलेल्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये.

मेणवली (वाई)

क्रोनो ट्रिगर पहिला घ्या, यात वाद नाही. पण माझा सर्वांत आवडता फायनल फँटसी ६. अमेरिकन कॅसेटवर 'फायनल फँटसी ३' असं छापलेलं आहे, शोधताना गोंधळू नका. १९९४ चा, २४ मेगाबिटचा. चौदा पात्रं, आणि प्रत्येकाची लढायची रीत निराळी: सेबिनला कंट्रोलरवर बटणांचा क्रम टाकावा लागतो, एडगरकडे अवजारं, सायनला आकडा भरेपर्यंत थांबावं लागतं, गाऊ शत्रूंच्या चाली शिकतो. पूर्वार्धात कथा हात धरून नेते. उत्तरार्धात जग उद्ध्वस्त होतं आणि पांगलेली माणसं कोणत्या क्रमाने गोळा करायची ते तुमच्यावर सोडलं जातं. एवढं स्वातंत्र्य त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या जपानी आरपीजीत सहज सापडत नाही.

सेव्ह क्रोनो ट्रिगरसारखाच, नकाशावर कुठेही आणि आत सेव्ह पॉइंटवर.

आता गेममधल्या उणिवा, कारण त्या खऱ्या आहेत आणि माहीत असल्या तर त्रास होत नाही. 'इव्हेड' (वार चुकवण्याची शक्यता) हा आकडा मूळ कॅसेटमध्ये काहीच करत नाही. तलवारीचा वार चुकवणं आणि जादू चुकवणं, दोन्ही 'एमब्लॉक' (जादू अडवण्याचा आकडा) यावर चालतं. म्हणून ढाल, चिलखत, रेलिक (अंगावर घालायच्या खास वस्तू) निवडताना इव्हेडकडे बघूच नका, एमब्लॉक वाढवा. याच चुकीमुळे आंधळं होण्याचा दोषही निरुपयोगी ठरतो, त्यामुळे त्यापासून वाचवणारे गॉगल घालून रेलिकची जागा अडवू नका.

दुसरी: रेल्म या पात्राचा 'स्केच', म्हणजे शत्रूचं चित्र काढून त्याचीच चाल वापरणं. कॅसेटच्या पहिल्या आवृत्तीत स्केच चुकला तर काही वेळा वस्तूंची यादी विस्कटते, गेम गोठतो, सेव्हसुद्धा जाऊ शकतो. सुधारित आवृत्तीत ते दुरुस्त केलं आहे. आपली कॅसेट कोणती हे ठाऊक नसेल तर स्केच वापरूच नका, रेल्मची जादू जबरदस्त आहे, तिला त्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट खोट असूनही सगळे वापरतात. शत्रूवर 'व्हॅनिश' (अदृश्य करणारी जादू) टाका आणि लगेच 'डूम' किंवा 'एक्स-झोन' (एका फटक्यात संपवणाऱ्या जादू). अदृश्य शत्रूला जादू हमखास लागते आणि त्याची प्रतिकारशक्ती तपासलीच जात नाही, त्यामुळे बहुतेक बॉस (टप्प्याच्या शेवटचे मोठे शत्रू) सुद्धा एका फटक्यात जातात. एक्स-झोनने मारलं तर त्याच्याकडची वस्तू मिळत नाही. पहिल्या खेपेला ही युक्ती वापरू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे, बॉसच्या लढायांत केलेली मेहनत त्याने वाया जाते.

मॅजिसाईट (एस्पर नावाच्या जादुई प्राण्यांचे स्फटिक) मिळेपर्यंत मुद्दाम लेव्हल (लढून वाढणारी पात्राची पातळी) वाढवत बसू नका. काही एस्पर धारण करून लेव्हल चढली तरच ताकद किंवा जादू कायमची वाढते: बिस्मार्कने ताकद २, झोनसीकने जादू २. आधीच पंचवीस-तीस लेव्हल करून बसलात तर तेवढी वाढ गेली ती गेली. झोनसीक जिडूरच्या लिलावात विकत मिळतो, तिथे पैसे राखून जा.

आणि तरंगत्या खंडावरून पळताना घड्याळ सुरू होतं, तेव्हा कड्यापाशी उडी मारायची की थांबायचं असं विचारलं जातं. थांबा. शेवटचे पाच सेकंद उरेपर्यंत थांबा. का, ते सांगत नाही, पण थांबला नाहीत तर एक पात्र कायमचं गमवाल.

माझी एकच तक्रार: शेवटाकडे जवळजवळ सगळ्यांनाच सगळी जादू शिकवता येते, आणि मग ती निराळी माणसं लढाईत एकसारखी होतात. ज्याला ज्याचं काम शोभतं त्याला तेवढंच शिकवलं तर गेम शेवटपर्यंत रंगतदार राहतो.

नावडता: द सेव्हन्थ सागा, १९९३. सात उमेदवारांपैकी एक तुम्ही निवडायचा, बाकीचे सहा जगात फिरत असतात, कधी सोबत येतात, कधी अंगावर येतात. कल्पना अप्रतिम. पण अमेरिकन आवृत्तीत लेव्हल चढल्यावर तुमच्या पात्राची होणारी वाढ कमी केली, प्रतिस्पर्ध्यांची मात्र जपानी आवृत्तीसारखीच ठेवली. ते तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात, म्हणजे तुम्ही जितके घासाल (लढून-लढून लेव्हल वाढवाल) तितके तेही पुढे. सराव करून मात करता येते हा आरपीजीचा पायाच त्यात उखडला आहे. हा दोष खेळणाऱ्याचा नाही, आकड्यांचा आहे.

विश्रामबाग (सांगली)

भाचीसाठी दोन नावं. एक सुपर मारिओ आरपीजी, १९९६. लढाई पाळीपाळीने, पण वार लागण्याच्या क्षणी बटण परत दाबलं तर मार वाढतो, आणि शत्रूचा वार येताना अचूक दाबलं तर मार कमी होतो किंवा लागतच नाही. मुलं हे दहा मिनिटांत शिकतात. एफपी (खास चालींची शक्ती) सगळ्यांचे मिळून एकाच खात्यात असतात, त्यामुळे हिशेब सोपा. ट्यूब टीव्ही आहे हे फार चांगलं, कारण एलसीडीवर चित्र उशिरा येतं आणि हे बटणांचं वेळेचं गणित चुकतं. मात्र हा एकट्याने खेळायचा गेम आहे, कंट्रोलर आलटून-पालटून घ्यावा लागेल.

दोघांनी एकाच वेळी खेळायचा असेल तर सीक्रेट ऑफ मॅना, १९९३. दोघांसाठी जास्तीचं काही लागत नाही, तिसरा कंट्रोलर हवा असेल तरच मल्टीटॅप (जास्तीचे कंट्रोलर जोडायची डबी), तो दुसऱ्या पोर्टमध्ये बसतो. वार केल्यावर गेज १०० टक्के भरेपर्यंत थांबायचं, नाहीतर वार बोथट पडतो. भाचीला हे एकदा नीट समजावून द्या, लहान मुलं बटण बडवत सुटतात आणि राक्षस मरत का नाही म्हणून चिडतात. जादू वापरून वापरून वाढते, म्हणून जादू देणारी नवीन देवता मिळाली की एमपी भरणाऱ्या सराईच्या आसपास ती जादू टाकत राहा, झोपा, परत टाका. पुढचे बॉस सोपे जातात.

फायनल फँटसी ६ मध्येसुद्धा लढाईत दुसऱ्याला पात्रं वाटून देता येतात. कॉन्फिगमध्ये 'कंट्रोलर' मल्टिपल करा. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि आता ज्याला सगळे नावं ठेवतात त्याची बाजू घेतो: फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट, १९९२. नवख्यांसाठी मुद्दाम सोपा केलेला, सोबती एकच आणि तोही कथेने ठरवलेला, नकाशावर स्वतःच्या मर्जीने भटकता येत नाही, बाणांच्या वाटेनेच जायचं. हे दोष मान्य. पण लढाई सोडून कुठेही, अगदी गुहेच्या मध्यावरही सेव्ह करता येतो. लढाई हरलात तर तीच लढाई पुन्हा सुरू करता येते. शत्रू पडद्यावर उभे दिसतात, अचानक अंगावर येत नाहीत. लाईटचा प्रश्न असलेल्या घरात आणि दहा वर्षांच्या मुलीला इंग्रजी वाचत-वाचत पहिला आरपीजी संपवायला याहून चांगला गेम या यंत्रावर नाही. संगीतही त्याच्या नावलौकिकापेक्षा कितीतरी वरचं आहे. सावध एवढ्यासाठीच राहा: शत्रू लुळं करणारे आणि गोंधळात टाकणारे वार फार करतात, म्हणून सोबत्याला 'ऑटो'वर न ठेवता स्वतः चालवा आणि बरं करण्याचं काम त्याच्याकडे ठेवा.

नावडता म्हणाल तर लगून, १९९१. तलवार इतकी आखूड की शत्रूच्या अंगाला चिकटल्याशिवाय लागत नाही, आणि चिकटलं की आपल्यालाच मार. त्यात उड्या मारायच्या जागा, जिथे पडलं की मेलं. ज्या गेममध्ये वार करणं हेच मुख्य काम, तिथे वारच नीट लागत नसेल तर बाकी काय बघायचं?

प्रीतिसंगम (कराड)

सीक्रेट ऑफ मॅनाबद्दल थोडं वेगळं मत. दोघांनी खेळताना मजा येते हे खरं, पण पडदा सगळ्यांना धरून सरकतो. एक जण झाडामागे किंवा खांबाच्या कोपऱ्यात अडकला की बाकीच्यांना पुढे जाता येत नाही. यंत्राने चालवलेला तिसरा सोबती तर सतत अडकतो, मागे जाऊन त्याला सोडवावं लागतं. वार लागल्यावर मार मोजायला उशीर होतो, त्यामुळे वार लागला की नाही कळत नाही. आणि बॉसवर एकामागून एक जादू टाकत राहिलं तर त्याला हलायलाच मिळत नाही. हा गेम मुळात या यंत्राला लावायच्या सीडी जोडणीसाठी आखला होता, ती जोडणी बाजारात आलीच नाही, मग तो छाटून कॅसेटमध्ये बसवला. उत्तरार्धातली घाई त्यामुळे असावी असं मला वाटतं. तरी पहिले काही तास अतिशय सुंदर आहेत. भाचीसोबत घ्या, एकट्याने खेळायला घेऊ नका.

माझा आवडता लुफिया २. अमेरिकेत १९९६ मध्ये आला, तेव्हा लोकांचं लक्ष नव्या यंत्रांकडे गेलं होतं, म्हणून याचं नाव कमी ऐकू येतं. गुहेतले शत्रू तुम्ही एक पाऊल टाकलंत की एक पाऊल टाकतात, तुम्ही थांबलात की थांबतात. त्यामुळे कुणाशी लढायचं आणि कुणाला चुकवायचं, हे शांतपणे ठरवता येतं. बाण मारला तर शत्रू काही वेळ गोठतो, पाठीमागून गाठला तर पहिली चाल आपली. बॉम्ब, हूक, हातोडा ही अवजारं कोड्यांसाठी, आणि कोडी खरोखर डोकं चालवायला लावतात. चौकोनी ठोकळे सरकवायची काही कोडी कागदावर आकृती काढूनच सुटतात. चुकलं तर 'रीसेट'ची जादू आहे, खोली पहिल्यासारखी होते, त्यामुळे कायमचं अडकणं नाही. लढाईत मार खाल्ला की 'आयपी'चा गेज भरतो आणि हत्यारा-चिलखतांत दडलेल्या खास चाली वापरता येतात, म्हणून जुनं चिलखत विकायच्या आधी त्याची आयपी चाल काय आहे ते बघून घ्या.

यातच 'एन्शंट केव्ह' आहे, ९९ मजले. आत शिरताना सगळ्यांची लेव्हल १ होते, सोबतचं जवळपास सगळं बाहेर राहतं, मजले दर वेळी वेगळे. निळ्या पेट्यांतल्या वस्तू तेवढ्या बाहेर आणता येतात. बाहेर यायला 'प्रॉव्हिडन्स' लागतं, ते सापडल्यावर जपून ठेवा. आणि आत सेव्ह करता येत नाही. तुमच्यासारख्यांना हीच अडचण आहे. पूर्ण उतरायचं म्हणजे कित्येक तासांची बैठक, मधे लाईट गेली की सगळं गेलं. दहा-वीस मजल्यांत दोन-तीन निळ्या पेट्या घेऊन प्रॉव्हिडन्सने बाहेर पडायचं, अशा छोट्या फेऱ्या मारा. किंवा कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस लावा. यंत्र स्वतः दहा व्होल्टवर जेमतेम ८५० मिलीॲम्पियर घेतं, भार खरा टीव्हीचा. बॅटरी धडधाकट असेल तर सेव्ह पॉइंट गाठण्याइतका वेळ मिळतो.

नावडता: ड्रॅकन. नकाशावर चालताना कुठून काय अंगावर येईल याचा नेम नाही, लढाई आपोआप चालते, आपण चौघांची धावपळ बघत राहायचं. निर्णय घ्यायला जागाच नाही.

मिरज_जंक्शन (मिरज)

गेमची निवड छान चालली आहे, पण कॅसेट हातात आल्यावर काय तपासायचं तेही लिहितो. आरपीजीच्या बाबतीत ते गेमइतकंच महत्त्वाचं आहे.

या कॅसेटींत सेव्ह साध्या सीआर२०३२ बॅटरीवर टिकतो. नवी असताना तिचा दाब तीन व्होल्टच्या थोडा वर. अडीचच्या खाली आली की बदलायचं बघा, दोनच्या आसपास सेव्ह कधीही उडतो. कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचं गेमबिट (या स्क्रूंसाठीचं खास टोक) लागतं, साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकी खराब होतात. बॅटरी टॅबवाली (धातूचे पाय आधीच जोडलेली) घ्या. नुसत्या बॅटरीवर थेट सोल्डर लावू नका, उष्णतेने ती फुगते, फुटूही शकते. सोल्डरिंग आयर्न साधारण ३५० अंशांवर, जुनं सोल्डर विकने (तांब्याच्या जाळीच्या पट्टीने) उचलून घ्या, बोर्डावरची अधिक-उण्याची खूण बघून नवी बसवा, आणि एका पायावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडतो. बॅटरी काढली की आतले सगळे सेव्ह जातात. म्हणून कॅसेट आल्या-आल्या, खेळायला सुरुवात करायच्या आधीच बदला. चाळीस तासांचा सेव्ह झाल्यावर नाही.

कृष्णाकाठच्या ओलीत कॅसेटच्या पट्ट्या काळ्या पडतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, कोरडं होऊ द्या, मगच लावा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसते आणि गंज वाढतो. ठेवताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि डबा वरच्या फळीवर ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीत जमिनीलगत ठेवलेल्या विजेच्या वस्तूंचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

नकली कॅसेटी फार आल्या आहेत. क्रोनो ट्रिगर, फायनल फँटसी ६, अर्थबाउंड यांच्या तर ढिगाने. उघडून बघा: खऱ्या बोर्डावर निन्टेंडोचं नाव, साल आणि एसएचव्हीसी ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. काही नकलींत बॅटरीच नसते. मेणवली ताईंनी सांगितलेला स्केचचा मुद्दाही इथेच सुटतो. मोठ्या रॉम चिपवरच्या क्रमांकाच्या शेवटी ० असेल तर पहिली आवृत्ती, १ असेल तर सुधारित.

अर्थबाउंडबद्दल खास इशारा, कारण तो माझा सर्वांत आवडता आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत आला. मार लागला की एचपीचा आकडा हळूहळू खाली फिरतो. जीवघेणा मार बसला तरी आकडा शून्यावर येण्याआधी लढाई संपवली किंवा औषध दिलं तर पात्र वाचतं. म्हणून जीवघेणा मार बसला की मजकूर पटापट पुढे ढकला आणि आधी बरं करा. तुमच्यापेक्षा फार कमजोर शत्रू स्वतःच पळतो, गाठला तर लढाई न होताच जिंकता. सेव्ह नायकाच्या वडिलांना फोन करून केला जातो. नायक मुलगा मधूनच घराची आठवण येऊन लढाईत हातपाय गाळतो, तेव्हा आईला फोन करा. एकच कटकट, प्रत्येकाला १४ वस्तूंचीच जागा, आणि कथेच्या वस्तूही त्यातच. त्या एस्कार्गो एक्सप्रेस या गेममधल्या सामान सांभाळणाऱ्या सेवेकडे ठेवायला पाठवत राहा.

आता इशारा. या गेममध्ये नकलेची तपासणी आहे. कॅसेटमधली सेव्हची मेमरी आठ किलोबाईटपेक्षा जास्त निघाली की गेम ओळखतो आणि इशाऱ्याचा पडदा दाखवून थांबतो. नकलेत ही तपासणी काढून टाकली असेल तर तो शत्रूंची संख्या बेसुमार वाढवतो. तरीही खेळत राहिलात तर शेवटच्या बॉसच्या लढाईत गोठतो आणि सगळे सेव्ह पुसून टाकतो. नकली कॅसेट स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि रस्त्यावर पावलोपावली शत्रू दिसायला लागले, तर पुढे जाऊ नका.

शेवटचं, अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे. थेट आपल्या २३० मध्ये लावला की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेपडाऊन लावूनच वापरा. आणि टीव्ही एनटीएससी (अमेरिकन चित्रपद्धत) दाखवतो ना ते बघा, नाहीतर चित्र काळं-पांढरं येईल.

अजिंक्यतारा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. स्टेपडाऊन आहे, टीव्ही दोन्ही पद्धती घेतो. आधी क्रोनो ट्रिगर आणि भाचीसाठी मिस्टिक क्वेस्ट, मग फायनल फँटसी ६, असा क्रम ठरवतो. दोन प्रश्न राहिले. लाईट नेमकी सेव्ह होत असताना गेली तर? आणि टेरानिग्माचं नाव बरेच जण घेतात, तो या यंत्रावर चालेल का?

मिरज_जंक्शन (मिरज)

सेव्ह लिहिला जाताना वीज गेली तर तो एक खाना खराब होऊ शकतो, बाकीचे सहसा शाबूत राहतात. म्हणून दोन खाने आलटून-पालटून वापरा, आज पहिल्यात, उद्या दुसऱ्यात. तिसरा भाचीला. बंद करताना रीसेट दाबून धरायची सवय जुन्या ८ बिट यंत्राची, इथे तिची गरज नाही.

टेरानिग्मा इंग्रजीत फक्त युरोप आणि ऑस्ट्रेलियात निघाला, १९९६ मध्ये, अमेरिकेत आलाच नाही. ती कॅसेट पाल पद्धतीची (युरोपातली चित्रपद्धत), कुलपाची चिप (परक्या भागातली कॅसेट अडवणारी) वेगळी, आकारही वेगळा. तुमच्या यंत्रात चालणार नाही. तो खेळायचा तर पाल यंत्र वेगळं घ्यावं लागेल, त्याचा अडॅप्टर नऊ व्होल्ट एसीचा असतो, हा अमेरिकन त्याला लावू नका.

जपानी कॅसेटींचं मात्र उलट. जपानी आणि अमेरिकन यंत्रांची कुलपाची चिप एकच आहे, अडतं ते फक्त प्लॅस्टिक. खोबणीत मागच्या बाजूला दोन छोट्या खुंट्या आहेत, त्या काढल्या की सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटी बसतात. भाषा जपानीच राहते, तेव्हा तुमच्या अटीत ते बसत नाही.

मेणवली (वाई)

टेरानिग्माऐवजी त्याच मंडळींचा आधीचा इल्यूजन ऑफ गाया घ्या, तो अमेरिकन कॅसेटवर आहे. लेव्हल नाही, खोलीतले सगळे शत्रू संपवले की ताकद, संरक्षण किंवा एचपी वाढतं, त्यामुळे घासावं लागत नाही. पन्नास लाल मणी आहेत, आणि पुढे गेल्यावर मागची बरीच ठिकाणं बंद होतात. सगळे हवे असतील तर प्रत्येक गाव सोडण्याआधी मडकी, कोपरे, झोपलेली माणसं, सगळं तपासून मगच निघा.